विश्लेषण : खडकीच्या इंजिनाने पुण्याला मोटारींचे शहर कसे केले? शंतनुराव किर्लोस्करांची गोष्ट

पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण ही नावे आज मोटारी आणि दुचाकींच्या कारखान्यांमुळे देशभर ओळखली जातात. पुण्यातील वाहन उद्योगाचा इतिहास सांगताना बहुतेकदा सुरुवातही तिथूनच होते. मात्र पहिला स्कूटरचा किंवा ट्रकचा कारखाना इथे येण्याच्या कितीतरी आधी खडकीत इंजिने बनू लागली होती. त्या इंजिनाला चाके नव्हती. ते विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यावर बसवले जायचे आणि पाणी उपसायचे. हे इंजिन बनवण्याचा निर्णय घेणारे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी स्वतः कधी मोटार बनवली नाही. तरीही पुण्याच्या मोटार उद्योगाची मुळे शोधताना त्यांच्या आयुष्यापाशी थांबावे लागते. असे का, हे समजून घेऊ.

शंतनुराव कोणत्या घरात वाढले?

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरचा. देशात मोटारनिर्मितीचे स्वप्न पाहणारे वालचंद हिराचंद हेही जन्माने सोलापूरचेच, शंतनुरावांपेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे. शंतनुरावांचे वडील लक्ष्मणराव यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशही घेतला होता. पण काही रंगांतील फरक डोळ्यांना कळत नसल्याने चित्रकला सोडावी लागली. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. त्यामुळे ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजच्या व्हीजेटीआयमध्ये) शिकवू लागले. पुढे बेळगावला येऊन त्यांनी भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले.

लोखंडी नांगर विकणे सोपे नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता आणि पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली.

निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कुटुंब राहायला गेले, तेव्हा शंतनुराव सात वर्षांचे होते. भट्टी, ओतकाम, लेथ आणि नांगराचे फाळ यांच्यामध्येच त्यांचे बालपण गेले. पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी गुलाबाबरोबर निवडुंगाला जागा दिली. शेतकऱ्याला उपयोगी पडेल तेच यंत्र बनवायचे आणि त्याचा विश्वास बसेपर्यंत दम धरायचा, हा धडा या मुलाला घरातच मिळाला. इंजिनाच्या व्यवसायात तो कामी येणार होता.

अमेरिकेतून ते काय घेऊन आले?

१९२२ मध्ये, १९ वर्षांचे असताना शंतनुराव अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, दाखल झाले. त्या काळात उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारे मराठी तरुण बहुधा इंग्लंडला जात आणि बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी होऊन परतत. यंत्रशास्त्र शिकायला अमेरिका गाठणारा विरळाच. १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन ते परतले.

ते अमेरिकेत होते, त्या काळात हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार ऐन भरात होती. एकाच मापाचे सुटे भाग हजारोंनी बनवायचे आणि कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसला पाहिजे, हे तिच्या स्वस्ताईमागचे सूत्र होते. भारतात तेव्हा यंत्राचा भाग तुटला की कारागीर कानस घेऊन नवा भाग घासून घासून बसवत असे. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसायची. ही तफावत भरून काढणे म्हणजे नेमकी मापे, ती तपासणारी गेज आणि दर वेळी तेच माप देणारी यंत्रे हाती असणे. डिझेल इंजिन बनवायचे तर याला पर्याय नव्हता.

किर्लोस्करवाडीत परतल्यावर शंतनुराव वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आणि पंप कारखान्यातून बाहेर पडत होते. याच वाडीतून चुलतबंधू शंकरराव किर्लोस्कर यांची मासिकेही निघत. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगर बनवणाऱ्या गावातून मराठी घरांत नवे विचार जाऊ लागले आणि त्यांच्यासोबत किर्लोस्कर हे नावही घरोघरी पोहोचले.

इंजिनच का, आणि खडकीच का?

पंप बनवणाऱ्या कारखान्याला एक अडचण नेहमी भेडसावत होती. पंप फिरवायचा कशाने? शहरांबाहेर वीज जवळजवळ नव्हतीच. विहिरीवर मोट चालायची. बैलजोडी धावेवरून खाली उतरली की चामड्याची मोट वर यायची, थारोळ्यात पाणी ओतायची आणि बैल पुन्हा मागे यायचे. दिवसभरात भिजणारे क्षेत्र बैलांच्या आणि माणसाच्या ताकदीवर ठरायचे. ज्यांना परवडे ते परदेशी ऑईल इंजिन आणत. भारतात इंजिने अजिबातच बनत नव्हती असे नाही. सातारच्या कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकातच या कामात पाऊल टाकले होते. तरी देशाची गरज मोठी होती आणि ती मुख्यतः आयातीवर भागत होती.

दुसऱ्या महायुद्धात हा परावलंबीपणा आणखी जाणवला. परदेशी यंत्रे येईनाशी झाली. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ आणि इतर यंत्रे बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली होती. युद्ध संपताच १९४६ मध्ये दोन कंपन्या एकाच वर्षी उभ्या राहिल्या. विजेच्या मोटारींसाठी बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि डिझेल इंजिनांसाठी पुण्याजवळ खडकीत किर्लोस्कर ऑईल इंजिन्स. पंप, तो विजेवर फिरवणारी मोटर आणि वीज नसेल तिथे फिरवणारे इंजिन, असे तिन्ही धागे त्यामुळे एका घराच्या हाती आले.

खडकी ही त्या वेळी प्रामुख्याने छावणी. १८१७ च्या नोव्हेंबरात मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली ती इथल्याच परिसरात. नंतर इंग्रजांनी छावणी वसवली आणि १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभारला. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि रस्ता दोन्ही जवळ. मुंबई बंदरात उतरलेली यंत्रे सहज आणता येत आणि तयार माल देशभर पाठवता येई. दारूगोळा कारखाना आणि लष्करी कार्यशाळांमुळे लेथवर काम करणारे, मापे वाचता येणारे कामगार या भागाला नवीन नव्हते. माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीला यातले फारसे काही मिळणे शक्य नव्हते. आज कंपनीसमोरच्या रस्त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आहे.

पहिल्या वर्षांत कोणती संकटे आली?

एका ब्रिटिश इंजिन कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून काम सुरू झाले. पण कंपनी जेमतेम उभी राहत असताना देशाची फाळणी झाली आणि पाठोपाठ ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. त्या लाटेत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. जवळपास चार दशकांत उभे केलेले काम डोळ्यांदेखत जळाले.

सगळे विकून मोकळे व्हावे, असे कुणालाही वाटावे अशीच ती वेळ होती. खडकीचा कारखाना अजून पैसे मागणारा होता, कमावणारा नव्हता. किर्लोस्करांनी वाडी पुन्हा उभी केली आणि खडकीचे कामही थांबवले नाही. जळालेला कारखाना सावरणे आणि नवा चालू करणे, ही दोन्ही ओझी एकाच वेळी शंतनुरावांच्या पिढीवर आली होती. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले, तेव्हा खडकीच्या इंजिनांना बाजार मिळू लागला होता.

त्या इंजिनात विशेष काय होते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्यात नुसती हवा दाबली जाते, मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या भागापर्यंत. सायकलच्या पंपाची नळी हवा भरताना तापते, तीच गोष्ट इथे फार मोठ्या प्रमाणावर होते. हवा काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे या तत्त्वावरचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता त्याने कामात बदलली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे फारच जास्त होते.

तत्त्व सोपे असले तरी बनवणे अवघड असते. फवारा सोडणाऱ्या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, फट त्याच्या कितीतरी पट कमी. शिवाय इतका दाब सोसायचा तर सिलिंडरचे ओतकाम निर्दोष हवे, क्रँकशाफ्ट मजबूत हवा. डिझेल इंजिन बनवू शकणारे गाव मोटारीचे बहुतेक भाग बनवायला शिकलेले असते, ते यामुळे.

इंजिनप्रेमींना खडकीची दोन मॉडेल तोंडपाठ असतात. एव्ही-१ आणि टीव्ही-१. एव्ही-१ मध्ये एकच सिलिंडर, व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याचा पल्ला ११० मिलिमीटर. हिशेब केला तर आकारमान ५५३ सीसी भरते आणि ताकद पाच हॉर्सपॉवर. टीव्ही-१ मध्ये पल्ला तोच ११० मिलिमीटर, फक्त व्यास साडेसत्त्याऐंशी. आकारमान ६६१ सीसी, ताकद सात हॉर्सपॉवर. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, पण ते तीन सिलिंडरमध्ये विभागलेले, म्हणजे दर सिलिंडरला सुमारे २६५ सीसी. टीव्ही-१ चा एकटा सिलिंडर त्याच्या अडीचपट.

एवढ्या मोठ्या सिलिंडरमधून फक्त सात हॉर्सपॉवर का, असा प्रश्न मोटारींची सवय असलेल्याला पडतो. उत्तर फेऱ्यांमध्ये आहे. मोटारीचे इंजिन ताकद दाखवताना मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते. पण तेवढी ताकद चालकाला अधूनमधून, काही सेकंदांपुरती लागते. खडकीचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालते आणि पूर्ण भार घेऊन तासन् तास चालते. शेतकऱ्याने रात्री दहा तास पाणी धरले तर तेवढ्यात त्याचे नऊ लाख फेरे होतात. दुसऱ्या दिवशी ते हँडल मारताच पुन्हा सुरू झाले पाहिजे.

१५०० हा आकडाही सहज आलेला नाही. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १५०० फेरे घेते तेव्हाच ५० हर्ट्झची वीज देते. त्यामुळे हेच इंजिन पंपाऐवजी थेट जनित्राला जोडता येते. त्या काळची ब्रिटिश लिस्टर इंजिने मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांची, अवजड आणि मोठ्या चक्राची. ती टिकाऊ होती, पण हलवायला जड. १५०० फेऱ्यांचे इंजिन तेवढ्याच ताकदीला लहान आणि हलके पडते, बैलगाडीत घालून एका विहिरीवरून दुसरीकडे नेता येते.

शेतकऱ्याने ते कसे स्वीकारले?

नांगराच्या वेळचा अनुभव इथे उपयोगी आला. इंजिन विकून काम संपत नाही. ते बिघडले तर पीक वाळते आणि एका वाळलेल्या पिकाची बातमी दहा गावांत जाते. म्हणून तालुक्याच्या गावी विक्रेता, त्याच्याकडे सुटे भाग आणि हाताशी मिस्त्री, अशी साखळी उभी राहिली. अमेरिकेत पाहिलेले सूत्र इथे शेतकऱ्याच्या कामी आले. पिस्टन रिंग, गॅस्केट, नोझल हे भाग तयार मापात मिळू लागले आणि गावातला मिस्त्रीही इंजिन खोलून पुन्हा जोडू शकू लागला.

डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल जोरात फिरवायचे, वेग आला की खटका सोडायचा, हे काम ग्रामीण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या हातात बसले. खटका उचललेला असताना सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही, म्हणून हात चालतो. सोडताच हवा दाबली जाते आणि इंजिन पेट घेते. यंत्रशास्त्राचा हा धडा अनेकांनी शाळेत न जाता विहिरीवरच घेतला. विहिरीबरोबरच पिठाची गिरणी, उसाचे गुऱ्हाळ, तेलाचा घाणा, वरातीतले दिवे आणि तंबूतला सिनेमा अशा किती तरी ठिकाणी ऑईल इंजिने चालली.

या बदलाला दुसरी बाजूही होती. मोट जेवढे पाणी उपसत असे, त्याच्या कितीतरी पट पाणी इंजिन उपसू लागले. बागायत वाढली, ऊस वाढला, विहिरीही खोल गेल्या. पुढे वीज आणि बोअरवेल आल्यावर हा प्रश्न आणखी मोठा झाला. दुष्काळात इंजिनाने अनेकांची पिके वाचवली हे खरे, आणि जमिनीखालचे पाणी उपसण्याची सवयही त्याच काळात लागली, हेही खरे.

मोटारी नाहीत, तर मोटार उद्योगाला काय मिळाले?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढून कुर्ल्याला परदेशी मोटारींची जुळणी सुरू केली. शंतनुरावांनी त्या वाटेने न जाता इंजिनांवरच भर दिला. तेव्हा देशात मोटारी घेणारे मूठभर होते, पाणी हवे असलेले शेतकरी कोट्यवधी. मोटारीचे सुटे भाग आणून जोडण्यापेक्षा इंजिनाचा प्रत्येक भाग इथे बनवणे वेळखाऊ होते, पण त्यातून जे कौशल्य जमा होते ते गावातच राहते.

ते राहिलेही. इंजिन कारखान्याला ओतकाम, गिअर, रबरी भाग, बोल्ट, रंग पुरवणारे लहान कारखाने पुण्याच्या आसपास उभे राहू लागले. क्रँकशाफ्टसाठी लागणारे घडीव पोलाद परदेशातून आणावे लागत होते. शंतनुरावांच्या सल्ल्याने नीळकंठ कल्याणी या व्यवसायात उतरले आणि १९६१ मध्ये मुंढव्याला भारत फोर्ज उभी राहिली. ही कंपनी पुढे जगभरच्या ट्रक आणि मोटारींसाठी क्रँकशाफ्ट घडवू लागली. मूळ गरज मात्र इंजिनाची होती.

१९६२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कमिन्स या कंपनीबरोबर किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. कोथरूडच्या तिच्या कारखान्यात मोठ्या ताकदीची डिझेल इंजिने बनू लागली. शंतनुरावांचे पुत्र चंद्रकांत या पिढीने त्यात लक्ष घातले. आज हीच कंपनी कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाते. हडपसरला कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक त्याआधीच, १९५८ मध्ये, सुरू झाली होती.

याच १९६० च्या दशकात बजाज आणि टेल्को (आजची टाटा मोटर्स) यांनी आकुर्डी-पिंपरी पट्टा निवडला आणि १९६६ मध्ये वाहनांची चाचणी व संशोधन करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आली. या सगळ्याचे श्रेय एकट्या खडकीला देता येणार नाही. मुंबईची जवळीक, सरकारने आखलेल्या औद्योगिक वसाहती आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांचा वाटा मोठा होता. पण नवे कारखाने आले तेव्हा मायक्रॉन ओळखणारे फिटर, टर्नर आणि भाग पुरवणारे कारखानदार पुण्यात आधीपासून होते. ते तयार होण्यात पंधरा-वीस वर्षे चाललेल्या इंजिनांच्या कामाचा हात होता.

सरकारशी वाद का झाले?

शंतनुराव स्पष्ट बोलणारे होते. १९५१ च्या कायद्यानंतर कारखाना काढायला, वाढवायला, नवे मॉडेल बनवायला सरकारी परवाना लागू लागला. परदेशी तंत्रज्ञानाचा करार, आयात केलेले यंत्र, भांडवल उभारणी, सगळ्यालाच मंजुरी हवी. शेतकरी इंजिनासाठी थांबलेला असताना मंजुरीपेक्षा जास्त माल बनवणे गुन्हा ठरावे, हे त्यांना पटत नव्हते. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने मोठ्या उद्योगांवर आणखी बंधने आली, तेव्हाही त्यांनी जाहीर टीका केली. उद्योगाला मोकळीक द्या, निर्यातीला प्रोत्साहन द्या, लोकसंख्या आवरा, हे मुद्दे ते वर्षानुवर्षे मांडत राहिले.

समाजवादी विचारांच्या त्या काळात ही मते अनेकांना भांडवलदाराची वाटली. मालकांच्या सोयीचे ते बोलतात, असा आक्षेप होता. त्याच वेळी सरकारनेही त्यांच्या कामाची दखल घेतली. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. देशातील उद्योजकांची शिखर संस्था असलेल्या फिक्कीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे याच सुमारास आले. मते कुणाला पटोत न पटोत, कृतीत त्यांनी एक गोष्ट दाखवली. भारतात बनलेले इंजिन बाहेरच्या बाजारात चालवून दाखवले पाहिजे, म्हणून त्यांनी निर्यातीवर भर दिला. १९९१ मध्ये परवाना पद्धत मोडीत निघाली, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. चार दशके मांडलेला मुद्दा धोरण झालेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले.

घरात मात्र वडिलांची आठवण जपलेली होती. मॉडेल कॉलनीतील किर्लोस्करांच्या बंगल्याचे नाव लकाकी. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाची ती आद्याक्षरे. पुण्यातील लकाकी रस्ता रोज वापरणाऱ्या अनेकांना हे नाव नांगर बनवणाऱ्या एका चित्रकाराचे आहे, हे ठाऊक नसते.

आज त्या इंजिनाचे काय झाले?

शंतनुरावांचे २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात निधन झाले. २००३ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले. त्यांच्यानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, कर्नाटकातील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि २००० मध्ये तिची क्वालिस रस्त्यावर आली. त्यात पुढाकार घेणारे विक्रम किर्लोस्कर हे शंतनुरावांचे नातू, आणि तेही एमआयटीचेच मेकॅनिकल इंजिनीअर. नांगरापासून निघालेले नाव मोटारीपर्यंत पोहोचायला चार पिढ्या लागल्या.

खडकीच्या कंपनीचा मोठा कारखाना आता कोल्हापूरजवळ कागलला आहे. शेतीपंप बहुतांशी विजेवर गेले. सौरपंपही आले. डिझेलचा धूर आता चिंतेचा विषय आहे आणि जनरेटरच्या इंजिनांवर प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आहेत. दुसऱ्या टोकाला, नौदलाच्या कामोर्टा वर्गाच्या युद्धनौकांना ढकलणारी फ्रेंच बनावटीची पिलस्टिक इंजिने परवान्याखाली बनवण्याचे काम याच कंपनीने केले.

आणि टीव्ही-१? ते अजून एका अनपेक्षित ठिकाणी रोज सुरू होते. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चाचणीसाठी हेच इंजिन ठेवलेले असते. करंज, मोगली एरंड, मोह यांच्या तेलापासून बनवलेले बायोडिझेल कसे जळते, याच्या असंख्य शोधनिबंधांत ८७.५ मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर पल्ला, ६६१ सीसी हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. वनस्पती तेलावर इंजिन चालेल का, हा तेव्हाचा प्रश्न आज विद्यार्थी खडकीच्या इंजिनाला विचारतात. वाहन उद्योगात जाणाऱ्या कित्येक तरुण अभियंत्यांनी इंधन मोजायला, आलेख काढायला आणि इंजिनाचा आवाज ओळखायला शिकायची सुरुवात याच यंत्रावर केलेली असते.